पेंटियम जी४५६० की अ‍ॅथलॉन २००जीई: जुना स्वस्त डेस्कटॉप घेताना प्रोसेसरची पारख

वाचनालयाच्या टेबलासाठी, देवस्थान समितीच्या हिशेबासाठी किंवा दहावीतल्या मुलाच्या अभ्यासासाठी जुना डेस्कटॉप घ्यायचा ठरला, की पणजी, म्हापसा, मडगाव किंवा फोंडा इथल्या दुकानात पहिला प्रश्न प्रोसेसरचा निघतो आणि बहुतेक वेळा किंमतही त्याच्या नावावरच ठरते. कमी पैशांच्या जुन्या यंत्रांमध्ये निवड करताना समोर येऊ शकणारी दोन नावे म्हणजे इंटेलचा पेंटियम जी४५६० आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन २००जीई. पहिला जानेवारी २०१७ मध्ये बाजारात आला आणि दुसरा सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर झाला. दोन्ही आपापल्या कंपनीच्या स्वस्त श्रेणीतले होते. अमेरिकेतली त्यांची मूळ किंमत अनुक्रमे ६४ आणि ५५ डॉलर होती. या दोघांची तुलना कशी करावी हे पुढे सविस्तर दिले आहे, आणि तीच रीत इतर कोणत्याही जुन्या जोडीला लावता येते.

माझे मत आधीच सांगतो. हे दोन प्रोसेसर निव्वळ कामाच्या वेगात एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की केवळ त्यांच्या वेगावर निर्णय घेणे चुकीचे ठरेल. खरा फरक त्यांच्याभोवतीच्या गोष्टींत आहे: मदरबोर्ड कोणता, रॅमच्या पट्ट्या किती, पुढे त्या सॉकेटमध्ये (बोर्डवरच्या प्रोसेसर बसवण्याच्या जागेत) काय बसवता येईल आणि आपल्या कामाला लागणारी एखादी सुविधा त्यांपैकी एकात मुळातच नाही का, हे पाहावे लागते.

नाव पूर्ण वाचावे

विक्रेत्याने "पेंटियम आहे" किंवा "अ‍ॅथलॉन आहे" एवढेच सांगितले, तर ती माहिती अपुरी समजावी. पेंटियम जी४४०० हे नाव जी४५६० च्या शेजारचे वाटते, परंतु त्यात दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि दोनच थ्रेड (कामाचे प्रवाह) आहेत, तर जी४५६० मध्ये दोन कोअर आणि चार थ्रेड आहेत. जी४५६० चा प्रत्येक कोअर एकाच वेळी कामाचे दोन प्रवाह हाताळतो, त्यामुळे ब्राउझर, टंकलेखन आणि व्हिडिओ कॉल एकत्र चालू असताना हा फरक लगेच जाणवतो. जी४५६०टी हा त्याच घराण्यातला कमी विजेचा प्रकार आहे आणि त्याचा वेग ३.५ ऐवजी २.९ गिगाहर्ट्झ आहे. लहान आकाराच्या ब्रँडेड यंत्रांत तो असू शकतो.

अ‍ॅथलॉन या नावाचा पसारा तर त्याहून मोठा आहे. अ‍ॅथलॉन टू, अ‍ॅथलॉन एक्स४ आणि अ‍ॅथलॉन २००जीई यांची रचना पूर्णपणे वेगवेगळी आहे. विशेष काळजी घ्यावी लागते ती अ‍ॅथलॉन एक्स४ ९५० सारख्या प्रोसेसरबाबत, कारण तोही २००जीईप्रमाणे एएम४ सॉकेटमध्येच बसतो, पण त्याची रचना एएमडीच्या २०१७ च्या झेन पिढीआधीची आहे आणि त्यात ग्राफिक्स मुळीच नाही. ए६-९५०० हाही एएम४ मध्ये बसणारा, पण जुन्या रचनेचाच प्रोसेसर आहे. म्हणून केवळ "एएम४ आहे" या शब्दावर विसंबू नये. २२०जीई, २४०जीई आणि ३०००जी ही मात्र २००जीईचीच भावंडे असून थोडी अधिक वेगवान आहेत. त्याच किमतीत मिळाली तर निःशंकपणे घ्यावीत.

नाव तपासण्यासाठी कॅबिनेट उघडण्याची गरज नाही. यंत्र सुरू होताना बायोसमध्ये (बोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) शिरल्यास पहिल्याच पानावर प्रोसेसरचे पूर्ण नाव असते. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स या भागात ते उजव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात दिसते आणि त्याखाली कोअर व थ्रेड यांची संख्या दिलेली असते. लिनक्स असल्यास टर्मिनलमध्ये एलएससीपीयू (lscpu) ही आज्ञा द्यावी. नावासोबत त्या प्रोसेसरला येणाऱ्या सूचनांची (इन्स्ट्रक्शन्सची) यादीही समोर येते आणि ती पुढे उपयोगी पडते.

कागदावरचे आकडे कसे वाचावेत

जी४५६० चा वेग ३.५ गिगाहर्ट्झ आणि २००जीईचा ३.२ गिगाहर्ट्झ. दोघांतही गरजेनुसार वेग आपोआप वाढवणारी टर्बोसारखी सोय नाही, त्यामुळे हे आकडे तसे सरळ आहेत. तरीही दोन वेगळ्या कंपन्यांच्या प्रोसेसरचे गिगाहर्ट्झ थेट शेजारी ठेवून पाहू नयेत, कारण एका ठोक्यात किती काम उरकते ते रचनेवर अवलंबून असते. या जोडीपुरते बोलायचे तर इंटेलची ती पिढी एका थ्रेडच्या कामात थोडी सरस आहे, म्हणजे ज्या प्रोग्रॅमचा सगळा भार एकाच थ्रेडवर पडतो त्यात जी४५६० किंचित पुढे राहतो. चारही थ्रेड कामाला लागले की अंतर कमी होते. टॅली, मराठी टंकलेखन, ईमेल आणि सरकारी पोर्टलांवरचे अर्ज या कामांत वापरणाऱ्याला हा फरक कळणार नाही.

तिसऱ्या पातळीची कॅशे (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी) पेंटियममध्ये ३ एमबी आणि अ‍ॅथलॉनमध्ये ४ एमबी आहे. दोन्ही १४ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलेले आहेत, पण ते कारखाने वेगळे आणि प्रक्रियाही वेगळ्या, म्हणून त्या आकड्याच्या साम्यातून काही निष्पन्न होत नाही. हे दोन तपशील निर्णयात धरूच नयेत.

विजेचा आकडा मात्र अनेकांना फसवतो. जी४५६० वर ५४ वॅट आणि २००जीईवर ३५ वॅट असे लिहिलेले असते. हा आकडा मीटरवर पडणाऱ्या विजेचा नसून, हीटसिंकने किती उष्णता बाहेर टाकण्याची तयारी ठेवावी याचा आहे. साध्या कार्यालयीन कामात दोन्ही प्रोसेसर बराच वेळ जवळजवळ रिकामे असतात आणि तेव्हा त्यांचा वापर या आकड्यांच्या कितीतरी खाली असतो. समजा, दोन यंत्रांत सरासरी १० वॅटचा फरक पडला आणि यंत्र रोज ८ तास याप्रमाणे वर्षात ३०० दिवस चालले, तर फरक होतो २४ युनिटांचा. एवढ्यासाठी खरेदीचा निर्णय फिरवू नये. मात्र वारा न लागणाऱ्या बंद कपाटात यंत्र ठेवायचे असेल, तर कमी उष्णतेचा अ‍ॅथलॉन सोयीचा पडेल.

ग्राफिक्स आणि व्हिडिओ

वेगळे ग्राफिक्स कार्ड न घेता यंत्र वापरायचे असेल, तर या जोडीतला सर्वांत मोठा फरक इथे आहे. पेंटियममध्ये एचडी ग्राफिक्स ६१० आहे आणि अ‍ॅथलॉनमध्ये रॅडिऑन व्हेगा ३. खेळांमध्ये आणि त्रिमितीय चित्रांच्या कामात व्हेगा ३ स्पष्टपणे पुढे आहे. तरीही तो खेळण्यासाठीचा प्रोसेसर आहे असे कोणी सांगितले, तर ते मानू नये. जुने किंवा हलके खेळ कमी रिझोल्यूशनवर चालतील, इतकीच त्याची मजल आहे.

व्हेगा ३ ला स्वतःची मेमरी नाही. तो यंत्राच्या रॅममधलाच वाटा घेतो आणि त्याचा वेग त्या रॅमच्या वेगावर अवलंबून राहतो. त्यामुळे ८ जीबीची एकच पट्टी आणि ४ जीबीच्या दोन पट्ट्या यांत इथे फार फरक पडतो, कारण दोन पट्ट्या योग्य खाचांत असतील तर मेमरीचे दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरले जातात. अनेक जुन्या यंत्रांत पैसे वाचवण्यासाठी एकच पट्टी बसवलेली असते. अ‍ॅथलॉनची यंत्रे पाहताना कॅबिनेटचे झाकण काढून घ्यावे आणि पट्ट्या मोजाव्यात. एकच असेल, तर तेवढ्याच क्षमतेच्या दुसऱ्या पट्टीचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा. चार खाचांच्या बोर्डवर दोन पट्ट्या बहुधा एक सोडून एक अशा बसवाव्या लागतात. बोर्डच्या पुस्तिकेत त्या जागा दाखवलेल्या असतात.

घरी मालिका, नाटके आणि कीर्तने पाहण्यासाठी यंत्र हवे असेल, तर पाहायची गोष्ट वेगळी आहे. यूट्यूबवर बराच वापर होणारे व्हीपी९ हे स्वरूप दोन्ही प्रोसेसरांचे ग्राफिक्स स्वतः उलगडते, त्यामुळे मुख्य कोअरवर ताण पडत नाही. एव्ही१ हे नंतरचे स्वरूप मात्र दोघांपैकी एकाच्याही ग्राफिक्सला येत नाही. ते आले की सगळा भार दोन कोअरवर पडतो आणि मोठ्या रिझोल्यूशनला चित्र अडखळू शकते. चालू व्हिडिओवर उजवी कळ दाबून "स्टॅट्स फॉर नर्ड्‌स" उघडल्यास कोडेकच्या (व्हिडिओच्या स्वरूपाच्या) ओळीत व्हीपी०९ किंवा एव्ही०१ अशी अक्षरे दिसतात आणि अडखळण्याचे कारण तिथेच कळते. ब्राउझरमध्ये एव्ही१ बंद ठेवणारे एक्स्टेन्शन घातले की दोन्ही यंत्रांना ते काम पुन्हा सोपे होते.

दिवाणखान्यातल्या फोर-के टीव्हीला यंत्र जोडायचे असल्यास आणखी एक मुद्दा लक्षात ठेवावा. जी४५६० च्या साध्या एचडीएमआय जोडणीतून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते, त्यामुळे माउसचा बाणसुद्धा जड वाटतो. ६० साठी डिस्प्लेपोर्ट लागतो. अ‍ॅथलॉनमध्ये एचडीएमआयवरूनच ६० मिळू शकतात, परंतु मदरबोर्डच्या पोर्टची तशी क्षमता हवी. साध्या १०८० रेषांच्या मॉनिटरवर या प्रश्नाचा संबंधच येत नाही.

जी सूचना पेंटियमला येत नाही

आकड्यांच्या तक्त्यात सहसा न दिसणारी, पण माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे एव्हीएक्स. एकाच वेळी अनेक संख्यांवर गणित करणाऱ्या सूचनांचा हा संच आहे. त्याच पिढीतला कोअर आय३-७१०० हा ३.९ गिगाहर्ट्झचा, दोन कोअर आणि चार थ्रेडचा प्रोसेसर होता आणि त्याची मूळ किंमत ११७ डॉलर होती. जी४५६० जवळजवळ अर्ध्या किमतीत त्याच्या इतका जवळ येत होता, की २०१७ मध्ये त्याला मोठी मागणी आली. पण आय३ मध्ये एव्हीएक्स आणि एव्हीएक्स२ होते, तर पेंटियममध्ये इंटेलने दोन्ही ठेवले नाहीत. अ‍ॅथलॉन २००जीईमध्ये ते दोन्ही आहेत.

याचा परिणाम दोन प्रकारे होतो. काही सॉफ्टवेअर एव्हीएक्सशिवाय सुरूच होत नाही. यंत्रशिक्षणासाठीच्या टेन्सरफ्लोची तयार मिळणारी आवृत्ती १.६ पासून एव्हीएक्स मागते आणि मोंगोडीबी या डेटाबेसलाही ५.० पासून ते लागते. संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने यंत्रशिक्षणाच्या पहिल्याच धड्यात हे टेन्सरफ्लो पेंटियमवर टाकले, तर ते चालणार नाही, आणि त्याचे कारण शोधण्यात त्याचा वेळ वाया जाईल. दुसऱ्या प्रकारचे सॉफ्टवेअर चालते, पण हळू. गोव्यातल्या मराठी वाचनालयांना हा मुद्दा जवळचा वाटावा असे उदाहरण घेतो. जुन्या अंकांची पाने स्कॅन करून त्यांतून शोधता येण्याजोगा मजकूर काढायचा असेल, तर टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी ओळखते. ते सुरू होताना प्रोसेसरला काय येते ते पाहते आणि एव्हीएक्स२ असल्यास त्या मार्गाने गणित करते, नसल्यास एसएसई४.१ चा जुना मार्ग धरते. पेंटियमवर पाने ओळखली जातील, पण शेकडो पानांच्या खंडाला त्याच प्रमाणात जास्त वेळ लागेल. अ‍ॅथलॉनचा लाभही दुपटीचा समजू नये, कारण झेनची पहिली पिढी एव्हीएक्स२ ची २५६ बिटांची सूचना दोन तुकड्यांत पार पाडते.

एलएससीपीयूच्या यादीत "एव्हीएक्स२" (avx2) ही अक्षरे आहेत का, हे पाहणे म्हणजे अर्ध्या मिनिटाचे काम आहे, आणि जुना प्रोसेसर कोणताही असो, ते केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मदरबोर्डवर प्रोसेसरइतकेच लक्ष द्यावे

जी४५६० एलजीए ११५१ सॉकेटमध्ये, इंटेलच्या १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर (बोर्डवरच्या मुख्य नियंत्रक चिपवर) चालतो. एच११० च्या जुन्या बोर्डवर त्यासाठी बायोस अद्ययावत केलेला असावा लागतो. ३०० मालिकेच्या बोर्डवर सॉकेटचे नाव तेच असले तरी तो चालत नाही. एखाद्याने बोर्ड आणि प्रोसेसर वेगवेगळे विकायला काढले असतील, तर इथे फसगत होण्याची शक्यता असते. रॅम बहुतेक बोर्डवर डीडीआर४ असते, पण काही एच११० बोर्ड डीडीआर३ च्या खाचांचे आहेत आणि इंटेलने या प्रोसेसरसाठी १.३५ व्होल्टच्या डीडीआर३एल पट्ट्याच नमूद केल्या आहेत. घरातल्या जुन्या १.५ व्होल्टच्या पट्ट्या तिथे बसवून पैसे वाचवण्याचा मोह टाळावा. या सॉकेटमध्ये पुढे जास्तीत जास्त सातव्या पिढीचा कोअर आय७-७७०० किंवा ७७००के बसवता येतो. चार कोअरचा, सेकंडहँड आय५-७५०० हा त्याहून परवडणारा आणि समाधानकारक बदल आहे.

अ‍ॅथलॉनचा एएम४ सॉकेट दीर्घायुषी ठरला. योग्य बायोस असलेल्या बी४५० आणि अनेक ए३२० बोर्डवर रायझन ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर बसतात, म्हणजे दोन कोअरच्या यंत्राचे त्याच बोर्डवर, त्याच रॅमसह सहा कोअरचे यंत्र होऊ शकते. रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, पण रायझन ५ ५६०० मध्ये नाही, हे त्या वेळी विसरू नये. अद्ययावत बायोस टाकण्याआधी बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर आपल्या बोर्डची यादी वाचावी, कारण काही बोर्डवर नव्या बायोसने जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकला आहे. आणि बायोस बदलताना यंत्र यूपीएसवरच असावे. पावसाळ्यात तर त्याशिवाय ते काम हाती घेऊच नये.

अ‍ॅथलॉनची एक उणी बाजूही इथेच सांगायला हवी. ग्राफिक्स कार्डच्या लांब खाचेला तो पीसीआय एक्स्प्रेसचे (कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या जोडणीचे) चारच मार्ग देतो, तर पेंटियम सोळाही देतो. मध्यम दर्जाचे जुने ग्राफिक्स कार्ड हाताशी असेल आणि लगेच तेच बसवायचे असेल, तर या एका कारणासाठी जी४५६० अधिक योग्य ठरतो. पुढे एएम४ मध्ये रायझन ५ ५६०० बसवल्यावर ही अडचण उरत नाही, कारण मार्गांची संख्या प्रोसेसरवर ठरते.

ब्रँडेड कार्यालयीन यंत्र असेल, तर त्याच्या एसएमपीएसचे (वीज पुरवणाऱ्या डब्याचे) जोड आणि बोर्डचा आकार पाहून घ्यावा. अनेक ब्रँडेड यंत्रांत हे भाग नेहमीच्या मापाचे नसतात, त्यामुळे एसएमपीएस बिघडल्यावर बाजारातला कोणताही घेऊन लावता येत नाही. उलट अशा यंत्रांची बांधणी बरेचदा मजबूत असते आणि पुढे काही बदलायचे नसेल, तर ती उत्तम सेवा देतात.

विंडोजबाबत दोघांची स्थिती सारखीच आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत यांपैकी एकही प्रोसेसर नाही. विक्रेत्याने विंडोज ११ चालवून दाखवले, तरी ती अधिकृत वाट नाही, हे समजूनच घ्यावे. ज्यांचे काम ब्राउझर, लिबरऑफिस आणि युनिकोड मराठी यांत भागते, त्यांनी लिनक्स मिंटसारखी प्रणाली घ्यावी, असा माझा आग्रह आहे. ज्यांचे सगळे काम श्रीलिपीसारख्या विंडोजवरच्या जुन्या फाँटांत अडकलेले आहे, त्यांनी मात्र यांपैकी कोणताही प्रोसेसर घेण्याआधी नव्या पिढीचे यंत्र परवडते का, ते एकदा तपासावे.

एकाच पेन ड्राइव्हवर दोन्ही यंत्रे तपासावीत

दुकानात दोन यंत्रे शेजारी लावून तुलना करताना बहुतेक जण नकळत त्यांच्या डिस्कचीच तुलना करतात. एकात एसएसडी आणि दुसऱ्यात जुनी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडीचे यंत्र झपाट्याने सुरू होते आणि त्यातला प्रोसेसर चांगला वाटू लागतो. हा दोष टाळण्यासाठी घरून लिनक्स मिंटचा पेन ड्राइव्ह तयार करून न्यावा आणि दोन्ही यंत्रे डिस्कला हात न लावता, त्याच पेन ड्राइव्हवरून, तशाच यूएसबी पोर्टमधून सुरू करावीत. दोघांत रॅम सारखी हवी, किमान ८ जीबी. नसेल तर पट्ट्यांची अदलाबदल करायला विक्रेत्याची परवानगी घ्यावी.

मग दोन्हीकडे तेच काम तशाच क्रमाने करावे. पेन ड्राइव्हवर नेलेला मोठा मराठी दस्तऐवज उघडून शेवटच्या पानापर्यंत सरकवावा, ब्राउझरमध्ये रोज लागणारी पाने उघडावीत आणि त्यांच्या मागे १०८० रेषांचा व्हिडिओ चालू ठेवावा. सिस्टिम मॉनिटरमध्ये चारही थ्रेडच्या रेषा पाहत राहाव्यात. एखादी रेषा क्षणभर वर जाऊन खाली येणे स्वाभाविक आहे, पण चारही रेषा वरच चिकटून राहिल्या आणि टंकलेखनातली अक्षरे उशिरा उमटू लागली, तर आपल्या कामाला दोन कोअर पुरणार नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. घरातले कोणी जहाजावर किंवा आखातात असेल आणि व्हिडिओ कॉल हेच मुख्य काम असेल, तर फोनच्या हॉटस्पॉटवरून एक खरा कॉल दहा मिनिटे करून पाहावा. चित्र पाठवणे आणि घेणे एकत्र चालत असल्याने यंत्राची क्षमता तिथे लवकर कळते. शेवटी स्कॅन केलेल्या पानांचा एक फोल्डर दोन्ही यंत्रांवर सारख्याच पद्धतीने झिप करावा आणि लागलेला वेळ घड्याळावर लिहून घ्यावा.

विक्रेता यंत्र एक रात्र ठेवून घेऊ देत असेल, तर रॅम तपासणारे मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवावे. त्यात एकही चूक निघाली, तर पट्टी किंवा बोर्ड यांपैकी काहीतरी सदोष आहे असे धरावे.

गोव्याच्या हवेतले जुने यंत्र

आपल्याकडे प्रोसेसरपेक्षा बोर्ड आधी जातो, कारण जून ते सप्टेंबरची दमट हवा आणि किनारपट्टीवरचा खारा वारा धातूला सोडत नाही. कळंगुट, बाणावली किंवा हरमल भागातल्या हॉटेलच्या काउंटरवर वर्षे काढलेले यंत्र आणि सत्तरीतल्या कोरड्या खोलीत वापरलेले यंत्र यांची आतली अवस्था सारखी नसते, म्हणून ते आधी कुठे होते, हे अवश्य विचारावे. झाकण काढल्यावर टॉर्चच्या उजेडात तीन जागा पाहाव्यात: मागच्या पोर्टांच्या धातूवरचा गंज, बोर्डवरच्या स्क्रूंच्या भोकांभोवतीचे हिरवट डाग आणि रॅमच्या खाचांतली काळसर झालेली टोके. धूळ ओल धरते आणि त्या थरातून नको तिथे वीज झिरपू लागते. टोकांवरचा हलका मळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो, पण हिरवे डाग बोर्डच्या तांब्याच्या रेषांवर पसरले असतील, तर प्रोसेसर कितीही चांगला असला तरी ते यंत्र सोडून द्यावे.

यंत्र बंद करून, मागची वायर काढून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू केल्यावर तारीख चुकली, तर सीआर२०३२ चा बॅटरी सेल संपलेला असतो. तो स्वस्तात बदलता येतो, परंतु यंत्र बराच काळ पडून होते, याची ती खूण आहे, हे सौद्यात लक्षात घ्यावे.

कोणी काय घ्यावे

ग्राफिक्स कार्ड न लावता यंत्र चार-पाच वर्षे ठेवायचे असेल आणि एएम४ बोर्ड चांगल्या स्थितीत असेल, तर अ‍ॅथलॉन २००जीई घ्यावा, त्यासाठी थोडे जास्त पैसे पडले तरी द्यावेत. एव्हीएक्स२, सरस ग्राफिक्स आणि पुढे सहा कोअरपर्यंत जाण्याची वाट या तिन्ही गोष्टी त्याच्या बाजूने आहेत. एकच पट्टी असलेला, ए३२० च्या अगदी साध्या बोर्डवरचा आणि खाऱ्या हवेत राहिलेला अ‍ॅथलॉन मात्र स्वच्छ ब्रँडेड यंत्रातल्या पेंटियमपेक्षा स्वस्त असला तरी घेऊ नये. पंचायतीच्या पत्रव्यवहाराला, देवस्थानाच्या पावत्यांना किंवा प्राथमिक शाळेच्या वर्गाला जी४५६० आजही पुरेसा आहे, आणि त्याच्यासोबत २४० जीबीची एसएसडी घातली तर काम करणाऱ्याला त्याचा कंटाळा येणार नाही. दोन्हींत केवळ ४ जीबी रॅम असेल, तर आधी रॅमचा खर्च काढावा आणि मगच प्रोसेसरची तुलना करावी.

घरी आणल्यावर

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी जुनी थर्मल पेस्ट वाळून कडक झालेली असते, म्हणून ती एकदा बदलावी. इथे दोन सॉकेटांची रचना वेगळी असल्याने हातही वेगळ्या पद्धतीने चालवावा लागतो. एलजीए ११५१ मध्ये पिना बोर्डवरच्या सॉकेटमध्ये असतात आणि प्रोसेसरवर धातूची पट्टी दाबून बसलेली असते. हीटसिंक सहज निघतो, पण प्रोसेसर उचलताना तो तिरका पडून सॉकेटमधली एक पिन जरी वाकली, तरी बोर्ड निकामी होऊ शकतो. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि त्याला वरून धरणारी पट्टी नसते. वाळलेल्या पेस्टमुळे हीटसिंक सरळ वर ओढला, की लॉक केलेल्या खटक्यातूनही प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. म्हणून अ‍ॅथलॉनचे यंत्र आधी अर्धा तास व्हिडिओ लावून गरम करावे, बंद करून वायर काढावी, हीटसिंकचे क्लिप सोडावेत आणि तो वर न ओढता डावी-उजवीकडे हलक्या हाताने फिरवत राहावा. पेस्टची पकड सुटल्याचे हाताला जाणवते. त्यानंतरच तो उचलावा. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवून हीटसिंक परत बसवावा आणि पहिल्या सुरुवातीला बायोसमध्ये जाऊन तापमान स्थिर राहते ना, ते दहा मिनिटे पाहावे.